विश्लेषण : ‘सोबत’ हा शब्द आला कुठून? भाकरी, वाट आणि नगरचा किल्ला

नगर जिल्ह्यातल्या अनेक गावांत आजही घरचा कर्ता माणूस परगावी गेला आणि मागे म्हातारी एकटी राहिली, की शेजारची पोरगी रात्री तिच्याकडे झोपायला जाते. तिला काही काम करायचे नसते. तिने गप्पा माराव्यात अशीही अपेक्षा नसते. आपल्या घरी जेवून जायचे, अंथरूण टाकायचे आणि उजाडले की परत यायचे. याला ‘सोबतीला जाणे’ म्हणतात.

इंग्रजीतल्या ‘कम्पॅनियनशिप’ला मराठी शब्द विचारला, तर बहुतेक जण पटकन ‘सोबत’ म्हणतील. शब्दकोशापुरते ते बरोबरही आहे. पण दोन्ही शब्दांचा जन्म अगदी वेगवेगळ्या ठिकाणी झाला. इंग्रजी शब्द ताटावर जन्मला आणि मराठी शब्द बैठकीत. पुढे तो बैठकीतून उठून अंधाऱ्या पडवीत कसा येऊन बसला, हे समजून घ्यायला अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याइतकी चांगली जागा नाही. मराठीत सोबतीसाठी जितके शब्द आहेत, त्यांतल्या बहुतेकांची खूण या एका जिल्ह्यात सापडते.

इंग्रजी शब्दात भाकरी कुठे आहे?

‘कम्पॅनियन’ मूळचा लॅटिन. ‘कॉम’ म्हणजे एकत्र आणि ‘पानिस’ म्हणजे भाकरी, पाव. एका भाकरीतले खाणारा तो कम्पॅनियन. जुन्या गॉथिक भाषेतही सोबत्याला ‘गाहलैबा’ म्हणत आणि त्यातला ‘हलैफ’सुद्धा भाकरीच. तिकडच्या टोळ्यांनी आपला शब्द लॅटिनमध्ये उतरवला आणि त्यातून ‘कम्पॅनियन’ घडला, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. त्याच भाकरीपासून इंग्रजी ‘लोफ’ झाला आणि ‘लॉर्ड’ही झाला. लॉर्ड म्हणजे मुळात भाकरीचा राखणदार. वाटून खातो तो सोबती आणि राखून वाटतो तो मालक.

‘कंपनी’ हा शब्द याच घरचा. एकत्र जेवणाऱ्यांची पंगत ती कंपनी. मग प्रवासी व्यापाऱ्यांचा गट, मग सैन्याची तुकडी आणि शेवटी भागभांडवलाची संस्था. नगरकरांना या शब्दाची ओळख झाली ती तोफांच्या आवाजात. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने शिंद्यांच्या ताब्यातल्या नगरच्या पेठेवर हल्ला केला. ८ ऑगस्टला पेठ पडली, १२ ऑगस्टला किल्ला. इंग्रज सकाळी आले, तटावरून चढून गेले, आतली शिबंदी कापली आणि न्याहारीला परत गेले, अशा अर्थाचे आश्चर्य त्यांच्याच छावणीतल्या एका मराठा सरदाराने व्यक्त केल्याचे इंग्रज इतिहासकार मोठ्या कौतुकाने सांगतात. भाकरीवरून नाव पडलेली कंपनी न्याहारीची वेळ चुकवत नव्हती, एवढे तरी खरे.

एकत्र जेवणातून सोबत जुळणे मराठी मुलखालाही नवे नाही. फक्त आपल्याकडे त्याचे नाव शेतात पडले. एखाद्याची नांगरट मागे राहिली, बैल गेला किंवा घरात आजारपण आले, की तो ‘इर्जिक’ घालायचा. आजूबाजूचे शेतकरी आपापली औते आणि बैल घेऊन यायचे, दिवसभरात त्याचे रान नांगरून द्यायचे. मजुरी कोणी घेत नसे. संध्याकाळी यजमानाकडे सगळ्यांना जेवण, बऱ्याचदा गोडाधोडाचे नाहीतर मटणाचे. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात भाताच्या लावणीला माणसे पाळीपाळीने एकमेकांच्या खाचरात उतरतात. कुठे त्याला सावड म्हणतात, पलीकडे जुन्नर-आंबेगावात पडकई. ट्रॅक्टर आला तशी इर्जिक संपत गेली. ट्रॅक्टरवाला तासाचे पैसे घेतो, जेवायला थांबत नाही. शब्द मात्र म्हाताऱ्यांच्या बोलण्यात टिकून आहे.

मग ‘सोबत’ कुठली?

‘सोबत’ मूळची अरबी ‘सुहबत’. फारसीत ती ‘सोहबत’ झाली आणि तिथून मराठीत आली. अरबीत स-ह-ब या तीन व्यंजनांच्या धातूतून शब्दांचे एक मोठे कुटुंब तयार होते. सोबत राहणारा तो ‘साहिब’. पैगंबरांचे निकटवर्ती ते ‘सहाबा’. दरबारात राजाजवळ उठबस असलेला तो ‘मुसाहिब’. पुढे ‘साहिब’ला ‘अमुक एक गोष्ट जवळ असणारा’, म्हणजे मालक, असा अर्थ चिकटला आणि आपल्याकडे त्याचा ‘साहेब’ झाला. म्हणजे तहसील कचेरीत खुर्चीवर बसलेला साहेब आणि बाहेर बाकावर कागद धरून बसलेल्या म्हातारबाबांचा सोबती, हे दोघे शब्दांच्या नात्याने सख्खे भाऊ आहेत. इंग्रजीत मालकाचा शब्द भाकरी राखण्यातून आला, आपल्याकडे सोबत करण्यातून. पुढे दोन्हीकडच्या मालकांनी मूळ अर्थ विसरण्यात सारखीच तत्परता दाखवली, हा भाग वेगळा.

हा शब्द नेमका कोणत्या साली आणि कोणाच्या तोंडून मराठीत शिरला, हे सांगण्याजोगी नोंद कुठल्याही शब्दाची क्वचितच असते. पण तो येण्याची वाट स्पष्ट दिसते. १४९० मध्ये अहमद निजामशहाने भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि त्याच परिसरात पुढे अहमदनगर शहर उभे राहिले. १६३६ पर्यंत टिकलेल्या या निजामशाहीत दरबाराची भाषा फारसी होती, गावगाड्याची मराठी. वतनदार, देशमुख, कुलकर्णी आणि शिलेदार दोन्हीकडे वावरत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले फारसी शब्द मोजून दाखवले होते. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या सरकारी पत्रांत फारसीचा सुळसुळाट दिसतो आणि पुढच्या शंभर वर्षांत तो झपाट्याने ओसरतो. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याच ओघात, कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. विसाव्या शतकात भाषाशुद्धीची मोठी चळवळ झाली. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश तयार करणारे कवी माधव जूलियन पुढे त्याच चळवळीचे पुरस्कर्ते झाले. एवढ्या चाळण्यांतून ‘सोबत’ खाली पडली नाही. कारण ती कचेरीतून निघून स्वयंपाकघरात पोहोचली होती. तिथे कोणी कोश उघडून बोलत नाही.

या प्रवासात शब्दाने एक गोष्ट टाकून दिली. इराणमध्ये आज ‘सोहबत करणे’ म्हणजे बोलणे, संवाद करणे. तुर्कीत ‘सोहबेत’ म्हणजे गप्पा. सूफींच्या परंपरेत सोहबत म्हणजे गुरूजवळ बसणे, पण ते बसणेही ऐकण्यासाठी. मराठीने हा शब्द घेतला आणि त्यातले बोलणे वगळले. आपल्याकडे कुत्र्याची सोबत होते, कंदिलाची होते, रेडिओची होते. रात्री विहिरीवर पाण्याची पाळी द्यायला निघालेला शेतकरी शेजाऱ्याला ‘सोबतीला चल’ म्हणतो. वाटेत दोघे चार वाक्ये बोलतील किंवा बोलणारही नाहीत. बिबट्याच्या भीतीने आज नगर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात या वाक्याला पुन्हा धार आली आहे. मराठी सोबतीच्या मुळाशी भीती आहे. एकट्याला ज्याची भीती वाटते, ते दोघांनी मिळून पार करायचे. ‘सोबत’ या शब्दाचे मराठीतले खरे काम हेच. ‘कम्पॅनियन’मध्ये ते कुठेच नाही.

‘सोबत’चा एक धाकटा फारसी भाऊ म्हणजे ‘बरोबर’. फारसीत ‘बर’ म्हणजे छाती, कूस. छातीला छाती लावून उभे ते बरोबर, म्हणून सारखे, समान. मराठीत त्याचे दोन अर्थ झाले, ‘संगतीने’ आणि ‘अचूक’. ‘माझ्याबरोबर ये’ आणि ‘उत्तर बरोबर आहे’ या दोन्हींत तोच शब्द आहे, हे शाळेत क्वचितच कोणी सांगते. ‘सोबत’ला मात्र सरकारी कागदाने पुन्हा पकडले. अर्जाच्या तळाशी डावीकडे ‘सोबत : वरीलप्रमाणे’ असे लिहिले की सातबाऱ्याचा उतारा आणि आधार कार्डाची झेरॉक्स एकमेकांना सोबत करू लागतात.

आणि ‘साथ’, ‘संगत’, ‘सांगाती’?

हे शब्द इथल्या जुन्या मातीतले आहेत आणि त्यांच्यात ताट नाही की बैठक नाही, चालणे आहे. ‘साथ’ आला संस्कृत ‘सार्थ’पासून. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा आणि त्याचा म्होरक्या तो सार्थवाह. एकट्याने माल घेऊन रान ओलांडणे म्हणजे लुटले जाणे, म्हणून तांड्याला जोडून घ्यायचे. पैठणहून जुन्नर आणि नाणेघाटाकडे, पुढे कोकणातल्या बंदरांकडे जाणारा सातवाहनकाळातला व्यापार याच टापूतून चाले. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९५४ पासून नेवाशाला उत्खनन केले, तेव्हा प्रवरेकाठच्या टेकाडात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्यकुंभांचे तुकडे निघाले. रोमच्या बाजूचे मडके नेवाशापर्यंत पोहोचते, त्याअर्थी मधल्या वाटेवर कोणी तरी कोणाला तरी साथ दिली होती.

‘संगत’ आणि ‘संगती’ यांत ‘सम्’ आणि ‘गम्’ आहेत, एकत्र जाणे. त्याच जोडीपासून ‘संगम’ होतो. प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावरचे संगमनेर हे नाव आणि आईने ‘त्याच्या संगतीला लागू नकोस’ म्हणून दिलेली तंबी, यांचे मूळ एकच. ‘सहचर’ म्हणजेही बरोबर चालणारा आणि मागून चालणारा तो अनुचर. तुकोबांच्या प्रसिद्ध अभंगात विठ्ठल हा ‘सांगाती’ आहे, हात धरून चालवणारा. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून नगर जिल्ह्यातून पंढरपूरकडे जाते, तेव्हा दिंडीतल्या माणसांना एकमेकांचे आडनाव ठाऊक नसले तरी चालते. कोण कोणाच्या पुढे चालतो, हे ठाऊक असते.

नेवासे म्हटले की ज्ञानेश्वरी येणारच. शके १२१२, म्हणजे १२९० साली इथेच ती सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतली. तिच्या शेवटच्या पसायदानात सर्व जीवांमध्ये ‘मैत्र’ जडावे, असे मागणे आहे. ‘मैत्र’ हा वेगळ्या जातीचा शब्द. सोबत गरजेतून होते, साथ वाटेतून. मैत्राला असे निमित्त लागत नाही. हा फरक फार पुस्तकी वाटत असेल, तर नगरच्या भुईकोट किल्ल्यात पावणेतीन वर्षे राहिलेल्या एका कैद्याकडे पाहावे.

किल्ल्यातली सोबत

९ ऑगस्ट १९४२ ला पहाटे मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना अटक झाली आणि बारा जणांना नगरच्या किल्ल्यात आणले गेले. मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, आचार्य कृपलानी, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि मराठी वाचकांच्या जवळचे शंकरराव देव. वेगवेगळ्या प्रांतांची, धर्मांची, भाषांची आणि स्वभावांची ही माणसे एका आवारात राहिली, एका भटारखान्यातले जेवली. लॅटिन अर्थाने पाहिले, तर यांच्याइतके पक्के ‘कम्पॅनियन’ शोधून सापडणार नाहीत. नेहरूंनी १९४४ मध्ये एप्रिल ते सप्टेंबर या काळात इथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, ते या सहबंद्यांनाच अर्पण केले आणि प्रस्तावनेत त्यांच्याशी झालेल्या चर्चांचे ऋण मान्य केले. ही खरी फारसी सोहबत, बोलण्याची.

मौलाना आझादांची गोष्ट निराळी होती. ते पहाटे तीन-चारला उठत, स्वतःच्या हाताने बिनदुधाचा चिनी चहा करत आणि सगळे झोपलेले असताना लिहायला बसत. लिहायचे ते पत्र. हबीबुर्रहमान खान शेरवानी या दूरच्या स्नेह्याला. पत्रे पाठवण्याची सोय नव्हती, हे लिहिताना त्यांना माहीत होते. तरी प्रत्येक पत्र त्या एकाच माणसाला संबोधून सुरू होते आणि संबोधनात शब्द येतो ‘सदीक’. सदीक म्हणजे खरा मित्र. त्याचा धातू वेगळा, ‘सिद्क’ म्हणजे सच्चेपणा या शब्दाच्या कुळातला. भिंतीपलीकडे अकरा सोबती झोपलेले आणि लेखणी धावते आहे ती शेकडो मैलांवरच्या सदीककडे. ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ही पत्रे १९४६ मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यातले एक प्रकरण खोलीत घरटे करू पाहणाऱ्या चिमण्यांविषयी आहे. आधी त्यांना हुसकून पाहणारे मौलाना हळूहळू त्यांना दाणे टाकू लागतात आणि चिमण्या जवळ येऊन बसू लागतात.

एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम यांचे निधन झाले. त्या आजारी असल्याच्या बातम्या किल्ल्यात येत होत्या. सरकारला काही सांगायचे असेल तर कळवतो, असे तुरुंगाधिकाऱ्याने सुचवले होते. आझादांनी सरकारकडे काहीही मागायला नकार दिला. त्यानंतरच्या पत्रात ते किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या, निनावी कबरीचा उल्लेख करतात. रोज नजरेस पडणारी ती कबर आता ओळखीची वाटू लागल्याचे सांगतात. त्या दिवसांत बाकीच्या अकरा जणांनी काय केले असेल, त्याला मराठीत एकच शब्द आहे आणि तो ‘मैत्र’ नाही. ते सोबतीला होते.

‘सहवास’ परदेशी कसा गेला?

नगरपासून काही किलोमीटरवर अरणगावजवळ मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला इथेच मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत ते सोडले नाही. आधी अक्षरफलकावर बोट ठेवून ते सांगत, १९५४ पासून फक्त हातवाऱ्यांनी. जवळच्या माणसांना त्यांनी नाव दिले ‘मंडळी’ आणि नोव्हेंबर १९५५ मध्ये भाषेनुसार गट करून देशभरातल्या अनुयायांना बोलावले, त्या मेळाव्यांना ‘सहवास’. सह म्हणजे एकत्र, वास म्हणजे राहणे. त्यांचे पाश्चात्त्य अनुयायी हे दोन्ही शब्द आजही भाषांतर न करता वापरतात. न बोलणाऱ्या माणसाच्या जवळ नुसते राहायला जाणे, याला ‘कम्पॅनियनशिप’ म्हणून त्यांचे भागले नसावे.

आज हे शब्द कुठे उभे आहेत?

‘सह’ लावलेला एक शब्द नगर जिल्ह्याने अख्ख्या देशाला शिकवला, तो म्हणजे ‘सहकार’. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा नदीच्या काठी लोणीला आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, १९५०-५१ च्या हंगामात त्याचे पहिले गाळप झाले. छोट्या शेतकऱ्यांनी भाग घेऊन कारखान्याचे मालक व्हायचे, ही कल्पना इर्जिकीच्या गावाला समजायला अवघड नव्हती.

ऊस मात्र तोडावा लागतो. त्यासाठी पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून आणि शेजारच्या बीडमधून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. टोळीत माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. नवरा तोडतो, बायको वाढे बांधते, मोळ्या करते, डोक्यावरून गाडीत चढवते. जोडीतले एक जण तापाने फणफणले की दुसऱ्याचाही दिवस बुडतो, त्याला खाडा म्हणतात. एकटा माणूस किंवा एकटी बाई गेली, तर तो ‘अर्धा कोयता’. म्हणून विधवा बाई मुलाला, भावाला, दिराला जोडीला घेऊन कोयता पुरा करते. नवरा-बायकोच्या सहजीवनाला मराठीत सहचर, जोडीदार, अर्धांगी असे शब्द असताना, वर्षातले पाच-सहा महिने त्यांचे नाव एका हत्याराचे असते. सहकारातल्या ‘सह’मध्ये या कोयत्यांचा भाग धरलेला नव्हता. ऊसतोड कामगारांसाठी राज्याचे कल्याण महामंडळ आले ते फार उशिरा.

गावात मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी नातवंडे. या मुलांनी कोपीवर जाऊ नये म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहे चालतात. कुठे मुलांना तिथे ठेवून घेतात, कुठे तिथे जेवून मुले रात्री घरी झोपतात. पाथर्डीच्या डोंगराकडच्या वस्त्यांवर दिवाळीनंतर निम्म्या दारांना कुलपे लागलेली असतात. ज्या दारांना नसतात, तिथे आठ-दहा वर्षांची नात संध्याकाळी आजीकडे सोबतीला असते, की आजी नातीकडे, हे घरचेही नक्की सांगू शकत नाहीत.